जिनिंगच्या आवाजात निजणारी मुलं

फराळ करून तुम्ही ज्या गादीवर लोळत हा अंक वाचत असाल, तिच्यातली रुई कुठल्या ना कुठल्या जिनिंगमधून निघालेली असणार. चोपड्याजवळच्या अशाच एका जिनिंगमध्ये माझी सगळी नोकरी गेली. कापसाशी माझा संबंध मात्र नाकातोंडात गेला तेवढाच. मी तिथल्या पाळणाघराची बाई होते. हे सांगितलं की समोरचा हसतो, कारखान्यात कसलं पाळणाघर म्हणतो. अहो, कायद्यातच आहे ते. कामावर बायका पुरेशा असल्या की त्यांच्या लहान मुलांसाठी खोली हवी, सांभाळायला शिकलेली बाई हवी आणि आयांना दूध पाजायला मधे सुट्टी हवी. आमच्या शेठजींनी खोली बांधली, बाई म्हणून मला ठेवलं आणि सुट्टीचं पुढे बघू म्हणाले.

पहिल्या हंगामात ती खोली फक्त तपासणीला साहेब येणार असले की उघडायची. आत एक लाकडी घोडा होता, त्याच्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच. साहेब यायचे, घोडा बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. मी बालवाडीचा कोर्स केलेली, त्यात जन्माची फटकळ. एक दिवस ते प्लास्टिक मी फाडून टाकलं आणि खोलीची किल्ली पदराला बांधली. शेठजींनी बोलावून घेतलं, बरंच ऐकवलं. पण माणूस मुळात वाईट नव्हता. आठवड्याभरात पोरांनी घोड्याचा पाय मोडला, तेव्हा सुतार त्यांनीच पाठवला.

जिनिंग म्हणजे काय ते आधी सांगते. शेतातून येतो तो कापूस, त्याच्यात सरकी असते. मशिनचे रूळ फिरतात, रुई एका बाजूला ओढून घेतात आणि सरकी खाली पडते. मग रुई दाबून गाठी बांधायच्या. एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये अशी मशिनं ओळीनं मांडलेली आणि प्रत्येक मशिनपुढे एक बाई, कापूस घालायला. दसऱ्यानंतर सुरू झालेला खडखडाट होळीपर्यंत थांबत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी डोकं फुटेल असं वाटतं. महिन्याभरानं आवाज आहे हेच तो विसरतो.

काम करणाऱ्या बायका आणि त्यांचे नवरे सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या पाड्यांवरून यायचे. मुकादम जामसिंग त्यांना ट्रकमधून आणायचा आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला, त्यांच्या वर्षाच्या मोठ्या सणाला, परत न्यायचा. राहायला कंपाउंडच्या भिंतीला टेकून ताडपत्र्या. त्यांची बोली मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती, आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नाही. कारण शेडमध्ये तोंडानं कोणी बोलतच नसे. पाणी हवं, कापूस संपला, मुकादम आला, शेठ आला, पट्टा सुटला, तुझं पोर रडतंय, या सगळ्याला हाताच्या खुणा होत्या. शेठ आला म्हणजे पोटावर गोल हात फिरवायचा. शेठजींना ती खूण शेवटपर्यंत कळली नाही, असं निदान मी तरी धरून चालते. नवी बाई आली की चार दिवसांत सगळं शिकायची आणि मग ताडपत्रीत भाकरी थापतानाही हातानंच बोलायची.

पाळणाघर नीट चालवायला घेतल्यावर पहिली अडचण आली ती अशी. नियमाप्रमाणे खोली मशिनपासून लांब, फाटकाजवळ. शांत, धूळ नाही, वर पंखा. आणि पोरं झोपेनात. झोळीत घातलं की ताणून रडायची. मला वाटलं, पोट दुखत असेल, दृष्ट लागली असेल, नाही नाही ते वाटलं. एक दिवस कंटाळून सगळ्या झोळ्या मी शेडच्या मागच्या भिंतीशी नेऊन बांधल्या, तर पाच मिनिटांत सगळीकडे सामसूम. ही पोरं पोटात असल्यापासून तो खडखडाट ऐकत आलेली, शांततेची त्यांना भीती वाटायची. वीज गेली आणि मशिनं थांबली की एकजात सगळी जागी होऊन रडायला लागत.

आमचे फिटर नथूभाऊ तंबाखू मळत म्हणायचे, "अक्का, मशीन चालू शे तवलोंग पोरे निजतस, बंद पडनं का उठतस. उलटंच शे हाई बठ्ठं."

त्या पोरांमध्ये रायलीची सुरमी होती. रायली म्हणजे दाराकडून दुसऱ्या मशिनवरची बाई, काटक, कामाला वाघ. नवरा वेरसिंग गाठींच्या प्रेसवर होता. सुरमी तेव्हा दुसऱ्या वर्षात असेल. अशी हुशार पोर मी पाहिली नव्हती. इतर मुलं अजून बोटं चोखत होती, तेव्हा ही खुणा करायला लागली होती. पाणी हवं तर अंगठा ओठाशी, आईकडे जायचं तर दोन्ही मुठी फिरवायच्या. दुपारी रायली दूध पाजायला आली की मायलेकींच्या हातांच्या गप्पा चालत. बायका कौतुकानं बघायच्या आणि म्हणायच्या, ही मोठी होऊन मुकादमीण होणार. मीही तेच म्हणत होते. शिवाय पोर शांत. वीज गेली, मशिनं थांबली, भिंतीशी रडारड सुरू झाली, तरी सुरमीची झोळी आपली गप्प. बाकीच्या आया रायलीला म्हणत, तुझी पोर किती गुणाची.

अशीच एकदा वीज गेलेली असताना माझ्या हातून खोलीतलं पिण्याच्या पाण्याचं पिंप निसटलं. पत्र्याचं पिंप, खाली फरशी. भिंतीपलीकडचे लोक धावत आले. सुरमी माझ्याकडे पाठ करून घोड्याची आयाळ ओढत बसली होती. ती वळली नाही. पाणी वाहत तिच्या पायाशी आलं तेव्हा तिनं खाली पाहिलं, मग मागे, आणि मला हसून पाण्याची खूण केली. मी तिच्या मागे उभं राहून ताट वाजवलं, टाळ्या वाजवल्या, शेवटी नाव घेऊन ओरडले. ती घोड्याशी खेळत राहिली.

आता कोणाला वाटेल, आईच्या कसं लक्षात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात आलं असतं. ज्या घरात हाक मारून पोराला बोलावतात तिथं दोन दिवसांत कळतं. इथं हाक मारतच कोण होतं? रायलीला मी सांगितलं तेव्हा ती माझ्यावर चिडली नाही, रडलीही नाही. तिला ते पटलंच नाही. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत ती म्हणाली, "घर जाऊ तर ऐकेल ती, अक्का. इथं कोन ऐकतं?"

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात मी त्या दोघींना घेऊन गेले. पोरीच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कान गेलेले. रायलीनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, तो मी त्यांना मराठीत नीट करून सांगितला. पोर पोटात असताना शेवटच्या महिन्यापर्यंत ती मशिनपुढे उभी होती, त्यानं असं झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही, जन्मतःच असू शकतं, इतरही कारणं असतात. खरं तेच बोलले ते. पण रायलीनं ऐकायचं ते ऐकून घेतलं होतं. येताना बसमध्ये ती पोरीचे दोन्ही कान ओंजळीत धरून बसली होती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया सरकार फुकट करतं, आणि ती लहानपणीच झाली तर पोर ऐकायला लागते, बोलायलासुद्धा लागते. उशीर झाला तर मग फार उपयोग नाही. म्हणजे वेळ होता, पण तो सरत होता. मी कंबर कसली. शेठजींनी चिठ्ठी दिली, गाडी दिली, ते नाकारणार नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी. दवाखाना म्हणाला, पोर या राज्याची नाही, तिच्या राज्यातून करा. तिच्या गावचा सचिव म्हणाला, हे लोक वर्षातला अर्धा काळ इथं नसतातच, जिथं राबतात तिथं मागा. पोरीच्या आईनं काढलेली रुई देशभर जाते, तिला कुठल्या हद्दीवर कोणी अडवत नाही. अडवायचं ते या माणसांनाच, हे बघून माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी कामगार कार्यालयात नव्या मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, स्कूटरवर यायच्या, चहा स्वतःच्या बाटलीतला प्यायच्या. त्यांनी घोडा पाहिला नाही, सरळ शेडमध्ये गेल्या आणि आवाज मोजायचं यंत्र काढलं. मग शेठजींना लेखी आदेश, बायकांच्या कानात घालायला बोळे आलेच पाहिजेत म्हणून. बोळे आले, केशरी रंगाचे, छान मऊ. दोन दिवसांत ते सगळे पाळणाघरात पोरांच्या खेळण्यात जमा झाले. बायका घालायला तयार होत्या, जामसिंगनं काढायला लावले. त्याचंही खरं होतं, हात मशिनमध्ये ओढला गेला तर कानाशी "सोड" म्हणून ओरडलेलं ऐकू यायला नको का, असं तो म्हणायचा. मॅडमनी बायकांचे कान तपासायला दवाखान्याची गाडीही मागवली. ती आली तेव्हा भोंगऱ्या होऊन गेला होता, शेडमध्ये मी, नथूभाऊ आणि कबुतरं. डॉक्टरांनी नथूभाऊंचे कान तपासले आणि गाडी परत गेली.

सुरमीच्या कामात मात्र मॅडम हटल्या नाहीत. दोन राज्यांच्या दारांत त्यांनी इतके खेटे घातले की त्यांच्या साहेबांनी त्यांना दुसरं काही काम नाही का असं विचारलं. शेवटी मंजुरी आली. ऐन दसऱ्याला आली. मी झोळ्या धुऊन वाट बघत बसले. जामसिंगचा ट्रक आला, त्यातून सगळी नवीच माणसं उतरली. रायली-वेरसिंगला दुसऱ्या मुकादमानं गुजरातेत नेलं होतं, कुठल्याशा जिनिंगवर. कुठल्या, ते कोणालाच माहीत नाही. वेरसिंगचा फोन बंद.

मी आणि नथूभाऊ बसनं, मग जीपनं त्यांच्या पाड्यावर गेलो. दाराला काटेरी फांदी लावलेली. शेजारच्या माणसानं हात पश्चिमेकडे दाखवला आणि विषय संपवला. परत येताना मला घाटात उलट्या झाल्या. नथूभाऊ बिचारे म्हणत होते, ऊन लागलं असेल. पुढच्या हंगामातही ती माणसं आली नाहीत. माणूस आपल्या देशातल्या देशात असा हरवू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. ट्रकच्या फळीवरून सुरमीनं उडी मारली आणि लांबूनच मला घोड्याची खूण केली. मी तिला पोटाशी धरलं आणि तशीच जळगावला घेऊन गेले. डॉक्टर तेच होते. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. म्हणाले, आता यंत्र बसवलं तर आवाज कळेल कदाचित, पण बोलणं येणं फार अवघड, ती वेळ निघून गेली. त्यांनाही वाईट वाटत होतं. मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना. मॅडम, डॉक्टर, शेठजी, वेरसिंग, ज्यानं त्यानं आपलं काम केलं होतं. पोरीची वाचा मधल्यामधे गेली.

मग मॅडमनीच धुळ्याची मूकबधिर मुलांची शाळा शोधली. निवासी. तिथं हातांनीच शिकवतात, अगदी लिहिणं-वाचणं, गणित, सगळं. हंगामाच्या मध्यातच सुरमीला तिथं घातलं. उन्हाळ्यात बाप गावी घेऊन गेला, जूनमध्ये आणून सोडून गेला. पाच-सहा वर्षांची पोर, आपलं नाव लिहायला शिकली. तिनं पाटीवर लिहिलेलं नाव बघून शेठजींनी आपणहून सगळ्या पोरांना पेढे वाटले होते.

दिवाळीच्या सुट्टीत ती जिनिंगवर आली. दुसऱ्याच दिवशी रायली माझ्याकडे आली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली. पोरीचे हात बदललेत, म्हणाली. शाळेतल्या खुणा वेगळ्या, खूप, भराभर. पोर काहीतरी सांगते, सांगतच राहते, आणि आईला त्यातलं काही कळत नाही. मग पोर चिडते, आईचे हात धरून आपल्यासारखे वळवून बघते. रायलीकडे होत्या त्या शेडमधल्या खुणा. पाणी, कापूस, चल, थांब, पट्टा सुटला. तेवढ्यात पोरीचं आता भागत नव्हतं.

त्यात जामसिंगनं काडी टाकली. पोर आता कापसातला कचरा वेचण्याजोगी झाली, कशाला पाठवता, म्हणाला. आपली भाषा विसरली, उद्या आईला विसरेल. वेरसिंग डळमळला. मी वेरसिंगवर खूप बोलले, कायद्याची भीती घातली, मॅडमचं नाव सांगितलं. आतून मात्र मी हादरले होते. पोर ठेवली तर आयुष्यभर त्या धुळीत कचरा वेचणार, आणि पाठवली तर ज्या एका माणसाशी ती बोलायची तेच तुटणार. मी आईला काय सांगायचं होतं?

सुट्टी संपली त्या दिवशी रायली आपणच पोरीला तेल-फणी करून, धुतलेला फ्रॉक घालून माझ्या दारात उभी राहिली. आम्ही अमळनेरवरून धुळ्याला गेलो. शाळेच्या फाटकाशी पोर आईचा हात सोडेना. घट्ट धरून उभी, मान खाली. मी समजवायला पुढे होणार तेवढ्यात रायली खाली बसली.

शेडमध्ये एखादी बाई थकली, किंवा तिचं पोर रडायला लागलं, की दुसरी तिच्या मागे येऊन उभी राहते. तिच्या पाठीवर दोनदा थोपटते, मग आपल्या छातीवर हात ठेवते. तू जा, मी इथं उभी आहे. सगळ्या खुणांमध्ये ही एकच अशी होती की ती केल्यावर पहिली बाई मागे वळूनही बघत नसे, मशीन सोडून सरळ निघून जायची. रायलीनं सुरमीच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि छातीवर हात ठेवला. पोरीनं आईकडे बघितलं, हात सोडला आणि आत गेली. मागे वळली नाही.

रायली फाटकाचे गज धरून उभी राहिली. रस्त्यावर दुपारची सामसूम होती. शाळेत तर आवाज कसला असणार. शिपाईदादा म्हातारे, इकडचेच, फाटक लावायला आले. ते रायलीच्या मागून म्हणाले, "बाई, पोर गई मझार. आते घर जा." ती हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हाई बी ऐकत नही का?"

मी म्हटलं, तसं काही नाही, रडत असेल. आणि मागून हाक मारली, "रायली." पुन्हा मारली. मग मशिनं चालू असल्यासारखी, घशाच्या शिरा ताणून मारली. पलीकडच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. इतकी वर्षं ती माझ्याशी बोलत आली होती, तोंडाकडे बघून, हातांकडे बघून.

मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिनं डोळे पुसले, ओशाळं हसली आणि म्हणाली, "हाक मारायची ना, अक्का."